वाढदिवसाचा डेकोरेशन किट: कार्यक्रमानंतर काय उरतं?

जळगाव-धुळ्याच्या बाजारात मिळणाऱ्या या तयार किटमध्ये दुसऱ्यांदा कामाला येतात ते फॉइलचे फुगे, झिरमिळ्यांचा पडदा आणि एलईडी माळ.

फॉइलचा फुगा फोडू नका. शेपटीच्या झडपेत शीतपेयाची स्ट्रॉ पाच-सात सेंटिमीटर सरकवा, कडेकडून हवा दाबत काढा, घडी न घालता गुंडाळा. पुन्हा भरताना थोडा ढिलाच ठेवा. खान्देशातल्या मे महिन्यात आतली हवा फुगते आणि शिवण उसवते. दोष फुग्याचा नसतो.

झिरमिळ्यांचा पडदा श्रावणात कानबाई देवीच्या मागे किंवा भाद्रपद-आश्विनात भुलाबाईच्या मखराला छान शोभतो, मात्र समईपासून हातभर लांब, कारण फॉइल पटकन पेटतं. पडदा काढल्यावर वरची पट्टी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली नाही, तर झिरमिळ्यांचा असा गुंता होतो की कात्रीच लागते. माळेतले सेल काढून ठेवा. गळले की पत्र्या गंजतात.

रबरी फुगे मात्र एकदाच. उन्हाने ते चिकट होतात. फार तर सेंटिमीटरभर रुंद कड्या कापून मसाल्याच्या पुड्यांना लावा. सोबतचे चिकट ठिपके चुन्याच्या भिंतीचे पोपडे काढतात. त्याऐवजी सुतळी बरी.

पडदा-माळेसाठी किट घ्यावा, रबरी फुग्यांसाठी नाही.