गो का रस्ट? मोंढ्यातल्या कामासाठी काय घ्यावं

लातूर-नांदेडकडची पोरं सध्या हेच विचारायलीत, की दुकानदारासाठी सॉफ्टवेअर बनवायचंय तर गो आणि रस्ट या दोन प्रोग्रामिंग भाषांपैकी गो धरावं का रस्ट. दोन्ही मशीन कोडपर्यंत कंपाइल होतात, म्हणजे आपला कोड आधीच मशीनच्या भाषेत बदलला जातो, ते सोडून देऊ. मी काट्याचं वजन सिरियल पोर्टवरून घेऊन आडत्याची हिशोबपट्टी छापणारा प्रोग्राम दोन्हीत लिहिलाय, त्यावरनं सांगतो.

आधी रस्टचं, कारण त्याची बाजू खरंच भक्कम आहे. बॉरो चेकर, म्हणजे मेमरी कोण कधी वापरतंय ते कंपाइल करतानाच तपासणारा भाग, सुरुवातीला लई छळतो, पण एकदा कंपाइल झालं की नंतर शक्यतो त्रास नाही. नल (null, म्हणजे 'इथं काहीच नाही' अशी किंमत) नावाचं प्रकरणच नाही. गोमधे निल पॉइंटर, म्हणजे तीच रिकामी किंमत, कंपाइलरच्या हातून निसटतो आणि प्रोग्राम चालू असताना पॅनिक होतो, म्हणजे मधेच बंद पडतो, ही गो भाषेची कमतरता आहे आणि ती मला आजही खटकते.

पण माझा निर्णय झाला तो बिल्डची, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्राम तयार व्हायची, वाट बघण्यावर. सोयाबीनचा सीझन, आडत्याच्या गादीवर बसून हमाली-तोलाईच्या राउंड ऑफची एकच ओळ बदलायची, आणि माझ्या साध्या लॅपटॉपवर रस्टचा रिलीज बिल्ड (गिऱ्हाइकाला द्यायची पक्की प्रत) लावला की काट्यावरून एक ट्रॅक्टर उतरून दुसरा चढायचा तरी ते चालूच. लोक बॉरो चेकरला दोष देतात, पण कार्गो चेक (रस्टची नुसता कोड तपासणारी कमांड) लावून बघा, बॉरो चेकर त्यातही चालतो आणि ते बरंच लवकर उरकतं. खरा वेळ पुढं जातो, जेनेरिक (अनेक टाइपवर चालणाऱ्या) फंक्शनची प्रत्येक टाइपसाठी वेगळी कॉपी बनते, ते सगळं एलएलव्हीएम या मशीन कोड बनवणाऱ्या यंत्रणेकडं ऑप्टिमाइझ, म्हणजे वेगवान, व्हायला जातं, मग सगळे तुकडे जोडणारा लिंकर. डिपेंडन्सी, म्हणजे बाहेरच्या लायब्ररी, आधीच्या बिल्डच्या कॅशमधून येतात हे खरं, पण रिलीजमधे इन्क्रिमेंटल (फक्त बदललेला भाग कंपाइल करणं) डिफॉल्टला बंद असतं, म्हणून आपला क्रेट, म्हणजे रस्टमधलं आपलं पॅकेज, पूर्ण नव्यानं.

गूगलमधे २००७ ला ग्रीसेमर, पाइक आणि थॉम्पसन गोवर बसले तेव्हा सी प्लस प्लसच्या बिल्डला लागणारा वेळ हेही एक दुखणं होतं, आणि ते भाषेत दिसतं. न वापरलेला इम्पोर्ट (आणलेलं दुसरं पॅकेज) म्हणजे सरळ एरर, पॅकेजांनी एकमेकांना गोल फिरून इम्पोर्ट करायचं नाही, त्यामुळं पॅकेजं समांतर कंपाइल होतात. गोचा कंपाइलर एलएलव्हीएम वापरत नाही, ऑप्टिमायझेशन कमी करतो, त्यामुळं आकडेमोडीच्या जड कामात रस्टचा कोड बहुधा पुढंच राहील. पावतीच्या प्रोग्रामला तेवढं लागत नाही, असं माझं तरी मत.

शिवाय लिनक्सवर बसून गूज (GOOS, कुठली ऑपरेटिंग सिस्टिम) आणि गोआर्च (GOARCH, कुठला प्रोसेसर) सेट केलं की गोमधे विंडोजची एक्झी तयार. फक्त सीगो (cgo, गोमधून सी भाषेतला कोड वापरायची सोय) ओढणारी लायब्ररी घेऊ नका, नाहीतर विंडोजसाठीचा सी कंपाइलर जमवत बसाल. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेससाठी शुद्ध गोमधलं पॅकेज मिळतं, तेच घ्या. दुकानात विंडोज ७ असेल तर गो १.२० वरच थांबावं लागतं, १.२१ पासून विंडोज १० लागतं. रस्टचंही १.७८ पासून तेच.

मायक्रोकंट्रोलरवर काम असेल, गार्बेज कलेक्टर (गोमधला, वापरून झालेली मेमरी मोकळी करणारा भाग) नकोच असेल, तर रस्टच घ्या, मी अडवणार नाही. गिऱ्हाइकासमोर बसून कोड बदलायची वेळ वारंवार येणार असेल तर मात्र आधी गोमधे एक छोटी पट्टी छापून बघा.