विदर्भाच्या उन्हाळ्यात डीपकूल एके४००: एका सीपीयू कूलरचे परीक्षण

नागपुरात मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ अंशांकडे सरकतो आणि एसी नसलेल्या खोलीत भर दुपारी ३६ ते ३८ अंश सहज असतात; त्यामुळे वीस-बावीस अंशांच्या खोलीत घेतलेली सीपीयू कूलरची, म्हणजे संगणकाच्या प्रोसेसरची उष्णता काढून टाकणाऱ्या उपकरणाची, परीक्षणे येथे जशीच्या तशी कामाला येत नाहीत. हवेवर चालणारा कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. खोली आणि प्रोसेसर यांच्या तापमानातला फरक तो किती कमी ठेवतो, हीच त्याची खरी परीक्षा, आणि या परीक्षेत सुमारे अडीच हजार रुपयांना मिळालेला डीपकूल एके४०० माझ्या मते चांगल्या गुणांनी उतरतो.

माझ्या संगणकात इंटेलचा कोअर आय५-१२४०० हा सहा कोअरचा प्रोसेसर आहे. त्याची मूळ वीजमर्यादा ६५ वॅट आणि कमाल टर्बो (म्हणजे जादा वेगाच्या वेळची) मर्यादा ११७ वॅट असून १०० अंशांना तो स्वतःचा वेग कमी करू लागतो. जुना कूलर असताना व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की पंखा घरघरू लागायचा आणि काम मात्र रेंगाळायचे. अशा वेळी सरळ नवा कूलर मागवण्याकडे कल होतो; पण दोष नेमका कुठे आहे हे ठरवल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

यासाठी प्रोसेसरचे तापमान आणि वेग दाखवणारे एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. सर्व कोअरवर पूर्ण भार टाकून तापमानाचा आकडा कसा चढतो ते पाहावे. भार पडताच दोन-चार सेकंदांत आकडा नव्वदीपार गेला, तर कूलरचा तळ प्रोसेसरवर नीट टेकलेला नाही किंवा त्या दोघांमधली उष्णतावाहक पेस्ट वाळली आहे, असे समजावे. तोच आकडा काही मिनिटांत हळूहळू चढत गेला, तर कूलरच्या उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पात्यांमधली धूळ, मंद पंखा किंवा कॅबिनेटमध्ये कोंडलेली हवा हे कारण असण्याची शक्यता अधिक. दुसरी खूण म्हणजे कॅबिनेटची बाजूची झडप काढून तीच चाचणी पुन्हा घेणे. तापमान आठ-दहा अंशांनी उतरले, तर सीपीयू कूलर बदलून फारसे काही साधणार नाही. पुढून हवा आत येण्याची आणि मागून बाहेर जाण्याची सोय आधी करावी लागेल. वेग कमी झाला म्हणजे उष्णतेमुळेच झाला, असेही नाही. तापमान सत्तरच्या घरात असताना वेग उतरत असेल, तर बायोसमधली (संगणकाच्या मूळ सेटिंगमधली) वीजमर्यादा आड येत असते. याच सॉफ्टवेअरमध्ये थर्मल थ्रॉटलिंगची, म्हणजे उष्णतेमुळे वेग कमी केल्याची, वेगळी नोंद दिसते, ती पाहिली की संशय राहत नाही.

माझ्याकडे आकडा क्षणात चढत होता. जुना कूलर उतरवून पाहिला, तेव्हा चार प्लॅस्टिक पुश-पिनांपैकी एक खाचेत पूर्ण बसलेलीच नव्हती आणि तळावरची पेस्ट एका बाजूला जाड व कोरडी राहिली होती. शिवाय पात्यांमध्ये धुळीचा नमद्यासारखा थर होता. आमच्याकडे वाळ्याच्या ताट्या लावलेला मोठा कूलर खोलीत चालतो. त्याची ओलसर हवा थेट कॅबिनेटवर येत असेल तर धूळ पात्यांना चिकटून बसते आणि नुसत्या फुंकरीने निघत नाही. कॅबिनेटची जागा बदलणे हा उपाय फुकटचा आहे आणि तो सर्वांत आधी करावा.

एके४०० मध्ये ६ मिमी जाडीच्या चार तांब्याच्या हीटपाइप (उष्णता पात्यांकडे नेणाऱ्या नळ्या), पात्यांचा एक मनोरा आणि मिनिटाला ५०० ते १८५० फेरे (आरपीएम) घेणारा १२० मिमीचा पीडब्ल्यूएम (गरजेप्रमाणे वेग बदलता येणारा) पंखा आहे. त्याची उंची १५५ मिमी असल्याने अरुंद कॅबिनेट असणाऱ्यांनी आधी माप घ्यावे. मदरबोर्डच्या (संगणकाच्या मुख्य बोर्डाच्या) मागे पट्टी बसवून स्क्रूने आवळायचे असल्यामुळे दाब सर्व बाजूंनी सारखा पडतो, आणि पुश-पिनांच्या तुलनेत हा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो. हीटपाइप थेट प्रोसेसरला टेकतात व त्यांच्यामध्ये बारीक खाचा असतात. म्हणून पेस्टचा एकच ठिपका न देता पाइपच्या दिशेने बारीक रेघा द्याव्यात, आणि स्क्रू समोरासमोरचे आलटून पालटून थोडे थोडे आवळावेत. पंख्याची पिन मदरबोर्डवरील ‘सीपीयू फॅन’ याच जागी लावावी. ती इतरत्र लावली, तर अनेक बोर्ड सुरू होतानाच पंखा सापडत नसल्याची सूचना देऊन थांबतात.

दुपारच्या तापलेल्या खोलीतही आता पूर्ण भाराखाली प्रोसेसर सत्तरीच्या आसपास स्थिर राहतो आणि एक्सपोर्ट सुरू असताना वेग पडत नाही. मात्र पंख्याचा आलेख, म्हणजे कोणत्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरावा हे, बायोसमध्ये स्वतः आखावा लागला. थंडीत आखलेला आलेख येथे उन्हाळ्यात चालत नाही, कारण काहीही काम नसताना प्रोसेसर ४५ ते ५० अंशांवर असतो आणि पंख्याचा चढ नेमका तिथेच सुरू होत असेल, तर तो सतत वर-खाली होत राहतो. ही चढउतार स्थिर आवाजापेक्षा अधिक त्रासदायक असते. मी ५५ अंशांपर्यंत पंखा एकाच मंद वेगावर ठेवला, ७५ अंशांपर्यंत हळूहळू चढवला, ८५ अंशांना पूर्ण वेग दिला आणि वेग बदलण्याआधीचा विलंबही वाढवला; त्यानंतर शेजारी बसून आवाजाचे संपादनसुद्धा शांतपणे करता येते.

उणिवा आहेत. पंखा अडकवण्याच्या तारा कॅबिनेटच्या आत हात घालून बसवणे जिकिरीचे आहे, आणि मदरबोर्डच्या मागच्या बाजूला कॅबिनेटमध्ये खिडकी नसेल तर संपूर्ण बोर्ड बाहेर काढावा लागतो. पूर्ण वेगात पंख्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. कंपनी २२० वॅटची क्षमता सांगते, परंतु कूलरच्या वॅटक्षमतेसाठी सर्व कंपन्यांना बांधील असा एक मापदंड नाही. तेव्हा हा आकडा पाहून २५३ वॅटपर्यंत जाणाऱ्या कोअर आय९-१४९०० के सारख्या प्रोसेसरवर, त्यातही आपल्याकडच्या उन्हाळ्यात, हा एका मनोऱ्याचा कूलर बसवू नये. असा प्रोसेसर असणाऱ्यांनी दोन मनोऱ्यांचा कूलर घ्यावा. ६५ वॅट वर्गातल्या प्रोसेसरसाठी मात्र मी याची निःसंकोच शिफारस करतो. फक्त उन्हाळा सुरू होण्याआधी एकदा ब्लोअरने पाती साफ करावीत आणि त्या वेळी पंखा बोटाने धरून ठेवावा, म्हणजे हवेच्या झोताने तो बेसुमार फिरून त्याच्या बेअरिंगवर ताण येणार नाही.