डिजिटल बिझनेसची पदवी: घरी राहून ऑनलाइन, जवळच्या महाविद्यालयात, की मुंबई-पुण्यात?

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचे कोकण विभागीय मंडळ बारावीच्या निकालात वर्षानुवर्षे राज्यात पहिले येत आहे. मात्र निकालानंतर काय शिकावे आणि कुठे शिकावे, या प्रश्नाचे उत्तर राजापूर किंवा मालवण तालुक्यातील वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला अजूनही सहज सापडत नाही. बी.कॉम., बीएमएस आणि बीसीए ही नावे घरोघरी परिचित आहेत. त्यांच्यात अलीकडे ‘डिजिटल बिझनेस’ या नावाची भर पडली असून, हा विषय कोणत्या मार्गाने शिकणे हिताचे ठरेल याचा निर्णय घ्यावयाचा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी हा आढावा लिहिला आहे.

आधी विषयाची ओळख करून घेणे आवश्यक आहे. या विषयाचा गाभा व्यवसाय हाच आहे. हिशेब, किंमत, ग्राहक, पुरवठा आणि कायदा या जुन्याच गोष्टी, व्यवहार इंटरनेटवरून होऊ लागला की कशा बदलतात, याचा तो अभ्यास आहे. देवगडच्या एका आंबा बागायतदाराचे उदाहरण घेऊ. वडिलांच्या पद्धतीत पेट्या वाशीला जातात आणि काही दिवसांनी दलालाची पट्टी येते. तिच्यावर विक्रीचा दर, भाडे, हमाली आणि अन्य वजावटी मांडलेल्या असतात आणि खाली हाती येणारी रक्कम असते. दर आपल्या हातात नसतो, परंतु विकलेल्या मालाची जबाबदारीही तिथेच संपते. मुलगा जेव्हा व्हॉट्सॲपवर मागणी घेऊन, यूपीआयने पैसे आधी स्वीकारून, दोन डझनांचे खोके थेट पुण्याच्या ग्राहकाला पाठवतो, तेव्हा दर त्याच्या हातात येतो आणि त्यासोबत पट्टीवर कधीच न दिसलेले प्रश्नही येतात. खोके, पेंढा आणि वाहतूक यांचा खर्च दर डझनामागे किती बसतो? हापूसमधील साका, म्हणजे गराचा आतल्या आत होणारा बिघाड, बाहेरून दिसत नाही. ग्राहकाने चौथ्या दिवशी कापलेल्या फळाचे छायाचित्र पाठवले, तर पैसे परत करावेत की बदली फळ द्यावे, आणि शंभर खोक्यांमागे अशा किती तक्रारींची तरतूद मूळ किमतीतच करून ठेवावी? हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेव्हा आपल्या खोक्यावर ते नाव कोणत्या नोंदणीच्या आधारे छापता येते? यंदाच्या ग्राहकांचे फोन क्रमांक पुढच्या हंगामात जाहिरातीसाठी वापरताना २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे भान कसे ठेवावे?

यांतील पहिला प्रश्न परिव्यय लेखांकनाचा (कॉस्ट अकाउंटिंगचा) आहे, दुसरा संख्याशास्त्राचा आणि उरलेले दोन कायद्याचे. तारकर्लीला न्याहारी-निवास चालवणाऱ्या कुटुंबालाही हेच प्रश्न वेगळ्या रूपात पडतात. तिथे साक्याच्या जागी आयत्या वेळी रद्द झालेले आरक्षण असते आणि दलालाच्या जागी आरक्षणाचे संकेतस्थळ. म्हणून पदवी निवडताना पहिली कसोटी अशी लावावी की तिच्या अभ्यासक्रमात लेखांकन, संख्याशास्त्र आणि व्यावसायिक कायदा यांना पुरेसे स्थान आहे की नाही. डिजिटल मार्केटिंगची साधने तीन वर्षांत दोनदा बदलतात आणि ती काही आठवड्यांच्या सरावाने शिकता येतात. संख्याशास्त्र मात्र पदवीच्या वयात शिकायचे राहून गेले, तर पुढे नोकरी करताना त्यासाठी वेळ काढणे फार अवघड जाते.

आता पहिला मार्ग, म्हणजे घरी राहून ऑनलाइन पदवी. आयआयएम बंगळुरूने २०२४ मध्ये ‘डिजिटल बिझनेस अँड आंत्रप्रेन्युअरशिप’ या विषयातील तीन वर्षांची बीबीए पदवी पूर्णपणे ऑनलाइन पद्धतीने सुरू केली आणि तिच्यासाठी संस्था स्वतःची प्रवेश परीक्षा घेते. याच धर्तीवर, विषय थोडा वेगळा असलेला आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा अभ्यासक्रम २०२० पासून चालू आहे. तो गणिताची आवड असलेल्यांसाठी आहे आणि त्याच्या परीक्षांसाठी केंद्रावर प्रत्यक्ष जावे लागते. मान्यताप्राप्त संस्थांच्या ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांच्या समकक्ष मानल्या जातील, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे ‘ऑनलाइन पदवी चालत नाही’ ही गावातील जुनी समजूत आता सोडून द्यायला हरकत नाही. केवळ ती संस्था आणि तो अभ्यासक्रम मान्यताप्राप्त यादीत आहे याची खात्री प्रवेशापूर्वी करून घ्यावी.

या मार्गाचा लाभ मोठा आहे. वेंगुर्ल्याच्या मुलीला घर न सोडता देशातील नामवंत प्राध्यापकांकडून शिकता येते, वसतिगृहाचा खर्च वाचतो, आणि हंगामात घरच्या व्यवसायात लक्ष घालून तिथलीच उदाहरणे अभ्यासाला जोडता येतात. पण या मार्गाच्या अडचणीही तितक्याच खऱ्या आहेत. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसतो, हे किनाऱ्यावर राहणाऱ्यांना सांगायला नको. सत्राचे गृहपाठ आणि चाचण्या जर जुलै-ऑगस्टमध्ये येत असतील, तर तालुक्याच्या गावी नातेवाइकांकडे किंवा अभ्यासिकेत बसण्याची सोय आधीच करून ठेवावी लागते. त्याहून मोठी अडचण एकटेपणाची आहे. अठराव्या वर्षी वेळापत्रक स्वतः पाळणे, शंका लिहून विचारणे आणि शेजारी कुणी अभ्यासाला नसताना तीन वर्षे टिकून राहणे यासाठी एक विशिष्ट स्वभाव लागतो, आणि हुशार विद्यार्थ्याकडे तो असतोच असे नाही. शिवाय, व्यवस्थापन संस्थांच्या पदव्युत्तर वर्गाला मिळणारी कॅम्पस भरती ऑनलाइन पदवीलाही तशीच मिळेल असे गृहीत धरून प्रवेश घेऊ नये.

दुसरा मार्ग जवळच्या महाविद्यालयाचा. रत्नागिरीचे गोगटे-जोगळेकर, चिपळूणचे डीबीजे, कणकवली महाविद्यालय, सावंतवाडीचे श्री पंचम खेमराज महाविद्यालय अशा जुन्या संस्थांत वाणिज्य शाखा स्थिरावलेली आहे. बीएमएस किंवा बीबीएचा विचार करणाऱ्यांनी एक बदल ध्यानात घ्यावा. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि त्यांच्या प्रवेशासाठी राज्याचा सीईटी कक्ष सामाईक परीक्षा घेऊ लागला. तिच्यात इंग्रजी, तर्कशक्ती, सामान्य ज्ञान आणि संगणकाची प्राथमिक माहिती यांवर प्रश्न असतात. त्यानंतर अनेक महाविद्यालयांनी आपल्या अभ्यासक्रमाचे नाव बदलून तो बी.कॉम.च्या छत्राखाली घेतला. परिणामी आज दोन महाविद्यालयांतील जवळपास सारख्या अभ्यासक्रमांची नावे वेगळी असू शकतात, आणि एका ठिकाणी सीईटी सक्तीची, तर दुसरीकडे बारावीच्या गुणांवर प्रवेश, अशी स्थिती आढळते. प्रवेश अर्जापूर्वी हे प्रत्यक्ष कार्यालयात विचारून घ्यावे. मोठ्या भावंडाच्या वेळची माहिती इथे उपयोगी पडणार नाही.

साध्या बी.कॉम.कडे अनेक पालक ‘काहीच नाही तर’ या भावनेने पाहतात, आणि मला हे मनापासून खटकते. डिजिटल व्यवसायाला लागणारा लेखांकनाचा, करकायद्याचा आणि अर्थशास्त्राचा पाया बी.कॉम.मध्ये जितका पक्का होतो, तितका नवी नावे धारण करणाऱ्या अनेक अभ्यासक्रमांत होत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय आणि कौशल्यविषय घेता येतात, आणि आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंतचे विषय ‘स्वयम’ या शासकीय मंचावरून करण्याची मुभा महाविद्यालय देऊ शकते. डिजिटल मार्केटिंग किंवा विदा (डेटा) विश्लेषणाचा विषय त्या वाटेने बी.कॉम.मध्ये आणता येतो. या विषयांचे श्रेयांक (क्रेडिट) ग्राह्य धरण्याची व्यवस्था आपल्या महाविद्यालयात खरोखर चालू आहे का, एवढे मात्र विभागप्रमुखांकडून स्पष्ट समजून घ्यावे. पुढे सनदी लेखापाल व्हायचे असेल, तर ५५ टक्के गुण असलेल्या वाणिज्य पदवीधराला फाउंडेशन ही पहिल्या पातळीची परीक्षा न देता थेट इंटरमीजिएट या पुढच्या पातळीकडे जाता येते, हीदेखील या पदवीची जमेची बाजू आहे.

या मार्गाची उणीव प्रत्यक्ष अनुभवात आहे. डिजिटल क्षेत्रातील कंपन्या रत्नागिरीत किंवा कुडाळमध्ये मोठ्या संख्येने नाहीत, त्यामुळे अंतर्वासिता (इंटर्नशिप) अनेकदा कागदोपत्री उरकली जाते. ही उणीव भरून काढण्याची साधने मात्र जवळच आहेत: काजू प्रक्रिया करणारा कारखाना, कोकम सरबत तयार करणारा महिला बचत गट, मासळीचा निर्यातदार किंवा एखादी पतसंस्था. यांपैकी एखाद्याचा एका वर्षाचा विक्रीचा हिशेब स्प्रेडशीटमध्ये मांडून, कोणत्या गावातून, कोणत्या महिन्यात, कोणती मागणी आली हे शोधणारा प्रकल्प मुलाखतीत कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलतो.

तिसरा मार्ग मुंबई-पुण्याचा, आणि त्याविषयी फार लिहावे असे नाही. तिथे महाविद्यालयाचे शिक्षण चालू असतानाच नव्या कंपन्यांत काम मिळते, पाहुणे वक्ते येतात, आणि वेगवेगळ्या घरांतून आलेल्या मुलांबरोबर राहून बोलण्याचा आत्मविश्वास येतो. या गोष्टींचे मोल कमी लेखू नये. परंतु राहण्या-जेवण्याचा तीन वर्षांचा खर्च अनेकदा महाविद्यालयाच्या शुल्काहून अधिक होतो, आणि कर्ज काढून एखाद्या सुमार महाविद्यालयात जाण्यापेक्षा तेच पैसे पुढील पदव्युत्तर शिक्षणासाठी राखून ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. नामांकित महाविद्यालयात प्रवेश मिळत असेल आणि दादर-ठाण्याला राहण्यासाठी मामा-काकांचे घर असेल, तर मात्र हा मार्ग निःसंकोच घ्यावा.

बीसीएचा विचारही अनेक जण याच वेळी करतात. ज्याला संगणकाचे प्रोग्रॅम स्वतः लिहायचे आहेत त्याने बीसीए करावे. ज्याला ते प्रोग्रॅम वापरून धंदा वाढवायचा आहे त्याच्यासाठी वरील तीन मार्ग आहेत.

एप्रिल २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास आयोगाने परवानगी दिली आहे. एक महाविद्यालयात जाऊन आणि दुसरी ऑनलाइन, अशी जोडी त्यात बसते. म्हणजे सावंतवाडीत बी.कॉम. आणि घरून डिजिटल बिझनेस, हे नियमाने शक्य आहे. मात्र दोन्हींची सुरुवात एकाच जूनमध्ये करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण भाषेचे आहे. पुस्तपालन व लेखाकर्म आणि अर्थशास्त्र मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्याचे पदवीचे पहिले वर्ष त्याच संकल्पना इंग्रजीतून वाचण्याची आणि लिहिण्याची सवय करण्यात जाते. त्याच वर्षी दुसऱ्या संस्थेची व्याख्याने आणि गृहपाठ अंगावर घेतले, तर दोन्हीकडे जेमतेम उत्तीर्ण होण्याची वेळ येते. पहिल्या वर्षी ‘स्वयम’वरील एकच विषय इंग्रजीतून पूर्ण करून पाहावा. तो वेळेत आणि बऱ्या गुणांनी पार पडला, तर दुसऱ्या वर्षी ऑनलाइन पदवीची प्रवेश परीक्षा द्यावी. या क्रमात एक वर्ष अधिक लागेल, परंतु चौथे वर्ष ऑनर्स पदवीसाठी देणाऱ्यांना ते वेगळे जाणवणारही नाही.

पैशांबाबत एक गोष्ट शेवटी तपासावी. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला. आपण निवडलेला अभ्यासक्रम आणि प्रवेशाची पद्धत या सवलतीत बसते का, हे महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती लिपिकाला लेखी विचारावे आणि उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र यांचे अर्ज निकालाची वाट न पाहता मे महिन्यातच सेतू केंद्रात द्यावेत, कारण जूनमध्ये तिथे सगळ्या तालुक्याची रांग लागते आणि अपुऱ्या कागदांमुळे केंद्रीय प्रवेश फेरीतील जागा हातची जाऊ शकते.