रामटेकची मेघदूत ट्रिप: सर एक नंबर, जेवण राम राम

आषाढाच्या पहिल्या दिवशी नागपूरच्याच एका ग्रुपसोबत रामटेकला जाऊन आली, माणशी ९०० रुपये, त्यात बस, तर्री पोहे, जेवण आणि समजावून सांगायला संस्कृतचे एक रिटायर्ड सर. बस सीताबर्डीवरून सातला सुटणार होती, सुटली पावणेनऊला, तोवर पोहे थंडगार.

पण सर, काय सांगू! कन्हानच्या पुलावर त्यांनी बस हळू करायला लावली अन् म्हणे खाली पहा. खाली काय, वाळूच वाळू आणि मधून पाण्याची बारीकशी धार. तर म्हणे मेघदूतातली (कालिदासाचं काव्य, बायकोपासून दूर पडलेला यक्ष ढगाच्या हाती तिला निरोप पाठवते) माळव्यातली सिंधू नदी अशीच आहे, ढगाच्या विरहात वाळून वाळून पाण्याची एक वेणी तेवढी उरली, काठच्या झाडांची सुकली पानं पडून फिक्की झाली, आणि यक्ष ढगाला सांगतो का बाबा, हिचं वाळणं जाईल असं आता तूच कर. म्हणजे पाऊस पाड! (आमचे हे पुण्याला नोकरीवर आहेत आणि मी विरहात चार किलो वाढली, ते सोडा.)

कालिदास स्मारकात बसून उत्तरमेघ, म्हणजे मेघदूताचा दुसरा भाग सांगितला तेव्हा तर बसमधली सेल्फीवाली पोरंपण गप्प झाली. यक्षाला वेलीत बायकोचं अंग दिसते, घाबरल्या हरिणीत तिची नजर, चंद्रात चेहरा, मोराच्या पिसाऱ्यात केस, नदीच्या लाटांत भुवया. आपण समजतो का झालं, तारीफ झाली. पण तो पुढे म्हणते का अगं, तू पूर्ण अशी एका जागी कुठंच नाहीस. तुकडे तुकडे सापडून राहिले फक्त! मला वाटायचं प्रेमाच्या कवितेत चंद्र-फुलं नुसती सजावटीला असतात, इथं तर सगळं जंगल धुंडाळूनही तो रिकामाच.

यक्ष राहत होता तो रामगिरी म्हणजे आपलं रामटेक हे नागपूरच्या संस्कृत पंडित वा. वि. मिराशींनी मांडलं, काही लोकं छत्तीसगडचा रामगढ म्हणतात, सरांनी दोन्ही बाजू सांगितल्या, उगाच आपलंच घोडं नाही दामटलं.

जेवण सावजी म्हणून सांगितलं होतं, निघालं लाल पाणी. माईक दर दोन मिनिटांनी बंद पडे. आणि ढग एकही नाही, गडमंदिरावर छत्री उन्हासाठी उघडली.

जाणार असाल तर डबा घरून न्या आणि सरांच्या मागची सीट आधीच पकडा.