पपी पॅड घेताय? ६० बाय ९०चाच घ्या

दीड-दोन महिन्यांचं पिल्लू आणलं की दुकान नाशिकच्या गंगापूर रोडचं असो नाहीतर पाथर्डी फाट्याचं, काउंटरवरचा माणूस पट्ट्या-वाटीबरोबर पपी पॅडचं, म्हणजे पिल्लाला घरातच शू-शी करायला अंथरायच्या शोषक चौकोनांचं, पाकीटही पुढे सरकवतो. वस्तू कामाची आहे. पण पाकिटावर म्हटलंय तसं वासाने ओढलं जाऊन पिल्लू आपणहून पॅडवर शू करतं, हे विसरा. तो वास जेमतेम मदत करतो, बाकीचं काम माणसाचं.

फ्लॅटमध्ये पॅड लागतो तो पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजारामुळे. लसींचा शेवटचा डोस साधारण १६ आठवड्यांच्या सुमारास होतो आणि तोवर पिल्लाला मोकाट कुत्री फिरतात तिथे खाली सोडायचं नाही. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो, म्हणून कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकची हवा नंतर. ज्यांच्याकडे भिंतीने बंद अंगण आहे आणि तिथे दुसरं कुत्रं फिरकत नाही, त्यांनी पॅड घेऊच नये. पहिल्या दिवसापासून अंगणातला एकच कोपरा धरावा.

आता आकार. बहुतेक जण ४५ बाय ६० सेंटिमीटरचा स्वस्त पॅड उचलतात. शिट्झू, पॉमेरेनियनसारख्या लहान जातींना तो चालतो. लॅब्रॅडोर किंवा गोल्डन रिट्रीव्हरसारख्या मोठ्या जातीचं पिल्लू मात्र आधी दोन-तीन गोल चकरा मारतं, पुढचे पाय पॅडवर ठेवतं आणि शू मागे फरशीवर पडते. त्याच्या हिशेबाने ते पॅडवरच उभं असतं, त्यामुळे ओरडून उपयोग नाही. ६० बाय ९०चा घेतला की निम्म्या चुका तिथेच संपतात.

दर्जा तपासायला एक पॅड पुरतो. मधोमध १०० मिली पाणी ओता, मिनिटभर थांबा आणि कोरडा टिश्यू दाबून बघा. टिश्यू ओला झाला तर आत कागदी लगदाच जास्त, पाणी शोषून जेल होणारी पावडर कमी. अशा पॅडवरून पिल्लू ओले पाय घेऊन हॉलभर फिरतं. पॅडच्या कडा घट्ट चिकटलेल्या आहेत का तेही बघा, कारण दात येत असलेलं पिल्लू कोपऱ्यापासूनच फाडायला सुरुवात करतं. जेल आणि प्लॅस्टिकचा तुकडा पोटात गेला तर आतड्यात अडकू शकतो. फाडणाऱ्या पिल्लासाठी वर जाळी असलेला ट्रे घ्यावा, नुसता पॅड नको.

पाकिटावर कुठेच न लिहिलेली गोष्ट वेगळीच आहे. पिल्लू जागा जशी वासाने ओळखतं तशीच पायाखालच्या स्पर्शानेही. पॅड मऊ, कापडासारखा. मग बाथरूमबाहेरचं पायपुसणं, देवघरासमोरची सतरंजी, पलंगावरून लोंबणारी गोधडी हे सगळं त्याच्या लेखी पॅडच! पॅड वापरायचा तेवढे महिने खालची पायपुसणी उचलून ठेवा. हे न करता ‘पॅड लावूनही घाण करतो’ म्हणणारे पुष्कळ.

धुऊन वापरायचे पॅड वर्षभराचा हिशेब केला तर परवडतात. फेकायचा पॅड २० रुपयांना धरला आणि दिवसाला पाच गेले, तरी महिन्याला ३,००० होतात. पण धुण्याचे किमान चार लागतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकच्या बाल्कनीत ते दोन-दोन दिवस वाळत नाहीत. आधी गार पाण्यात खळबळून घ्यायचे, मग साबण. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, त्याचा थर बसतो आणि पॅड पाणी पिणं बंद करतो.

नकली गवताचा ट्रे पुढे बाहेरच्या हिरवळीवर वळवायला सगळ्यात सोपा, पण रोज धुवावा लागतो. शी पात्यांत अडकते आणि एप्रिलच्या उन्हात त्या बाल्कनीचं दार उघडवत नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडचा गारठा शहरातही जाणवतो, तेव्हा इतकं लहान पिल्लू पहाटे बाल्कनीत थांबत नाही. ट्रे आत घ्या.

पॅडसोबत एन्झाइमचा, म्हणजे शूचा वास मुळापासून घालवणारा स्प्रे मात्र घ्याच. फिनेलने माणसाला वास येईनासा होतो, कुत्र्याला येतो, आणि ते परत तिथेच बसतं. काळं फिनेल तर पिल्लाच्या पंजांना आणि चाटल्यावर पोटालाही घातक. आधी टिश्यूने शू टिपा, मग स्प्रे भरपूर मारून १०-१५ मिनिटं ओला राहू द्या. लगेच पुसला तर पैसे वाया. त्याच जागी आधी फिनेल मारलं असेल तर एन्झाइम निकामी होतात, म्हणून साध्या पाण्याने दोनदा पुसून घ्या. टाइल्सच्या सांध्यांत जास्त मारा, शू मुरते ती तिथेच. शूवर ब्लीच ओतू नका, त्यातून घशाला झोंबणारा वायू निघतो.

वेळा ठरलेल्या: झोपेतून उठल्यावर लगेच, खाल्ल्यावर ५ ते ३० मिनिटांत, खेळ थांबल्यावर आणि झोपण्याआधी. ढोबळ हिशेब असा की वय जितके महिने त्यात एक मिळवा, फार तर तितके तास कळ काढता येते. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू तीन तास, आणि तेही झोपलेलं असताना. जागेपणी दर तासाला पॅडवर न्या. शू झाली की तिथल्या तिथे खाऊचा दाणा द्या. स्वयंपाकघरातून आणेपर्यंत पिल्लू विसरलेलं असतं. पॅड जेवणाच्या वाटीपासून लांब, रोज त्याच कोपऱ्यात.

वापरलेल्या पॅडवरची शी कमोडमध्ये, आणि पॅड डायपरसारखा जुन्या पेपरात गुंडाळून घंटागाडीत वेगळा द्या. ओल्या कचऱ्यात तो चालत नाही.

लसी झाल्यावर पॅड एकदम उचलू नका. रोज एक-दोन फूट दाराकडे सरकवा. शेवटी शूचा वास असलेला एक तुकडा कापून सोसायटीच्या ठरलेल्या जागी ठेवा आणि त्यावर दगड ठेवा, नाहीतर वारा तो शेजाऱ्याच्या तुळशीपाशी नेऊन टाकेल.