जुना कपडा: तसाच ठेवून सजवायचा की उसवून नव्याने बांधायचा?

जुन्या कपड्यांतून अंगावर घालता येईल अशी कलाकृती करायची ठरली की पहिला प्रश्न येतो तो सुई उचलायची की कात्री, हा. मूळ कपडा शाबूत ठेवून त्यावर भरतकाम, ठिगळं, रंग चढवता येतात. किंवा सगळ्या शिवणी उसवून, तुकडे करून नवाच कपडा बांधता येतो. दोन्हींत मी काम केलं आहे, आणि मला पटलेली गोष्ट एकच: हा निर्णय डोक्यातल्या कल्पनेवरून घेऊ नका, कापड बघून घ्या.

कपडा आधी उजेडासमोर धरा. गुडघे, कोपर, काखा, कॉलरची घडी इथे कापड विरलेलं दिसेल. मग दोन्ही अंगठ्यांनी हलकं ताणून बघा. वीण उघडत असेल, तर तिथे घट्ट भरतकाम केलं तरी टाक्यांच्या कडेने कापड फाटतं.

खांदा आणि मुंढा (बाही जिथे जोडतात ती गोलाई) नीट बसत असतील, तर मी कपडा उसवणारच नाही. कपड्यात सगळ्यात अवघड काम तेच असतं आणि ते कुणीतरी आधीच चांगलं करून ठेवलेलं आहे. शिवाय जुनं सुती कापड बहुधा आटायचं तेवढं आटलेलं असतं, म्हणून धुतल्यावर भरतकामाभोवती चुण्या पडण्याची भीती कमी. विरलेल्या जागी आतून दुसरं कापड लावून धावदोऱ्याच्या जवळजवळ ओळी घातल्या, तर ताण एका ठिकाणी न येता सगळीकडे वाटला जातो. जपानमधले 'बोरो' म्हणून ओळखले जाणारे, थरावर थर चढलेले कपडे असेच टिकले. मला ते आजही फार सुंदर वाटतात, कारण त्यात दुरुस्ती आणि नक्षी वेगळी काढता येत नाही. या मार्गाची मर्यादा म्हणजे आकार जुनाच राहतो. मणी, धातूचे तुकडे असं जड काही पातळ कापडावर लावलं, तर कपडा तिथे लोंबतो.

उसवून बांधण्यात मोकळीक खूप आहे. बेल्जियन फॅशन डिझायनर मार्टिन मार्जिएला यांनी १९९१ मध्ये लष्करी मोजे उघडून स्वेटर केले. मोज्यांच्या टाचेला असलेला फुगवटा त्यांनी छाती आणि कोपरांपाशी आणला. तुकड्याचा मूळ आकार असा कामाला लावणं हीच या मार्गाची खरी मजा.

पण हिशेब कडक आहे. २० सेंटीमीटरच्या चौकोनात चारही बाजूंना १ सेंटीमीटर शिवणीत गेलं, की १८ उरतात. क्षेत्रफळ जवळपास पाचव्या हिश्शाने घटतं. तुकडे लहान केले तर घट आणखी वाढते, आणि शिवणींची जाडीही. काखेत किंवा कमरेत चार जाड शिवणी एकत्र आल्या तर बसताना टोचतात. उभा-आडवा धागा न बघता कापलेले तुकडे उरेब, म्हणजे धाग्याला तिरक्या कापलेल्या जागी ताणले जातात. माझ्या एका जाकिटात ताणणारी जीन्स आणि साधी सुती जीन्स शेजारी आली होती. पहिल्याच धुण्यात जोड सुरकुतला, आणि पूर्ण पाठ उसवावी लागली. तेव्हापासून मी शिवण्याआधी सगळे कपडे एकत्र धुते आणि गडद रंग ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघते.

लोकरीचं गणित वेगळं. खरी लोकर गरम पाण्यात घुसळली की घट्ट होते, कापल्यावर धागे सुटत नाहीत. अ‍ॅक्रिलिक किंवा मशीनमध्ये न आटणारी म्हणून प्रक्रिया केलेली लोकर तशी होत नाही.

वेळेचं म्हणाल, तर भरतकाम थोडं थोडं, आठवडेच्या आठवडे करता येतं आणि नको वाटलं तर बहुतेक वेळा उसवताही येतं. कापलेलं मात्र परत येत नाही. म्हणून पहिलाच प्रयत्न असेल, तर चांगला बसणारा एक कपडा घेऊन सुईने सुरुवात करा. कापड मजबूत आहे पण माप अजिबात जमत नाही, असे दोन-तीन कपडे असतील तर ते खुशाल उसवा. आधी टाचण्यांनी तुकडे जोडून अंगावर चढवा, हात वर करा, खाली बसा, वाका. शिवण कुठे अडते ते कळल्यावरच मशीनवर बसा.