माळवदाखालची ‘अपू त्रयी’: एका ब्लू-रे संचाचे परीक्षण

सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ (१९५५), ‘अपराजितो’ (१९५६) आणि ‘अपूर संसार’ (१९५९) या, अपू नावाच्या बंगाली मुलाची बालपणापासून संसारापर्यंतची गोष्ट सांगणाऱ्या, तीन चित्रपटांचा क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने काढलेला ब्लू-रे संच आम्ही परभणीतल्या सहा-सात चित्रपटवेड्या मंडळींनी वर्गणी काढून मागवला आणि सलग तीन रात्री बसून पाहिला. मित्राच्या मुलीने तो अमेरिकेहून येताना सामानातून आणला. हे तिन्ही चित्रपट आम्ही आधी पाहिलेले होते, त्यामुळे नवे काही दिसेल अशी अपेक्षा कोणालाच नव्हती. तिसऱ्या रात्रीनंतर मात्र आमचे एकमत झाले की, आजवर आपण या चित्रपटांची केवळ सावली पाहिली होती. संच घ्यावा की नाही, असे कोणी विचारले तर माझे उत्तर निःसंकोच ‘घ्यावा’ असे आहे. त्यात एक अट आहे, ती पुढे सांगतो.

आमच्या पिढीला राय भेटले ते दूरदर्शनवर. रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतले पुरस्कारप्राप्त चित्रपट लागत, तेव्हा घरातली बाकीची माणसे वामकुक्षी घेत असताना आम्ही दोघे-तिघे संचासमोर बसून राहत असू. पुढे व्हीसीडी आल्या, मग डीव्हीडी आल्या. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात काही पाहायला मिळेल म्हणून रात्रीच्या गाडीने जाणेही झाले, आणि आता छत्रपती संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो तेव्हा आमच्यातले निम्मे लोक तिकडेच मुक्कामाला असतात. पण महोत्सवाचे चार-पाच दिवस संपले की जिल्ह्याच्या गावात जुना किंवा परदेशी चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहण्याची सोय उरत नाही. म्हणून डिस्क हेच आमचे चित्रपटगृह. मित्राच्या जुन्या वाड्यातली माळवदाखालची खोली आम्ही त्यासाठी ठरवून घेतली आहे, कारण मातीच्या जाड भिंतींमुळे ती वैशाखातही सोसवते आणि दार लावले की आत उजेडाची तिरीपही येत नाही.

या संचाचे मोल कळायचे असेल तर मूळ निगेटिव्हचे काय झाले होते ते ठाऊक असायला हवे. १९९२ साली राय यांना मानद ऑस्कर देण्यात आला आणि त्याच वर्षी २३ एप्रिलला त्यांचे निधन झाले. त्या सन्मानाच्या निमित्ताने त्यांच्या चित्रपटांच्या चांगल्या प्रती शोधू लागल्यावर त्या किती वाईट अवस्थेत आहेत हे ऑस्कर देणाऱ्या अमेरिकेतल्या अकादमीच्या लक्षात आले, आणि जतनाच्या हेतूने अनेक मूळ निगेटिव्ह लंडनच्या हेंडरसन या प्रयोगशाळेत पाठवण्यात आली. जुलै १९९३मध्ये तिथे आग लागली. वाचवण्यासाठी पाठवलेली फिल्म तिथेच होरपळली. जे तुकडे हाती लागले ते जळके, वितळून एकमेकांना चिकटलेले आणि हात लावताच मोडणारे होते. तरीही अकादमीच्या संग्रहाने ते टाकून दिले नाहीत. त्यांचा उपयोग करता येईल असे तंत्र तेव्हा कोणाकडेही नव्हते. ज्यांनी ते डबे वीस वर्षे जपून ठेवले त्यांचे आपल्यावर फार मोठे ऋण आहे, असे मला मनापासून वाटते.

२०१३ साली क्रायटेरियनने पुन्हा त्या डब्यांकडे पाहिले आणि ते इटलीतल्या बोलोन्या शहरातील ‘लिम्माजिने रित्रोवाता’ या पुनरुज्जीवन प्रयोगशाळेकडे गेले. तिथल्या तंत्रज्ञांनी वाळून कडक झालेली फिल्म विशिष्ट द्रावणात ठेवून पुन्हा लवचीक केली, तिच्यावरचा वितळलेला गोंद व मेण खरवडून काढले, तुटलेले सांधे जुळवले आणि फिल्मच्या कडेची, यंत्राचे दात ज्यांत अडकतात ती जळालेली छिद्रे नव्याने उभी केली. हे काम हाताने करायचे असते. त्यासाठी जवळपास १००० तास लागले आणि नंतरच त्या फिल्मचे ‘फोर के’, म्हणजे अतिशय बारीक तपशील टिपणारे, स्कॅनिंग करता आले. ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून अधिक भाग अशा प्रकारे मूळ निगेटिव्हमधून परत मिळाला; उरलेला भाग जगातल्या इतर संग्रहांत जपलेल्या उत्तम प्रतींवरून घेतला गेला. ‘अपूर संसार’चे निगेटिव्ह मात्र कामी येण्यापलीकडे गेले होते, म्हणून तो चित्रपट संपूर्णपणे दुय्यम प्रतींवरून उभारावा लागला. २०१५ साली हे काम पूर्ण झाले आणि त्याच वर्षाअखेरीस हा तीन डिस्कचा संच आला.

पहिल्या रात्री ‘पथेर पांचाली’ सुरू झाला आणि आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ सदस्याने दहाव्या मिनिटालाच ‘थांबवा’ म्हटले. त्यांना अपूच्या घरातल्या म्हाताऱ्या इंदिर ठाकरुणचा चेहरा पुन्हा पाहायचा होता. ती भूमिका करणाऱ्या चुनीबाला देवींच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांचे जाळे, लुगड्याच्या जुन्या सुताचा विरलेपणा, हातातल्या वाटीची पोचे पडलेली कड हे सगळे दूरदर्शनच्या काळात एका करड्या डागात बुडून गेलेले होते. काशफुलांच्या शेतातून दुर्गा आणि तिचा धाकटा भाऊ अपू आगगाडीकडे धावतात तो प्रसंग आम्हाला पाठ होता. पण गाडीच्या काळ्या धुराचे थर आणि पांढऱ्या तुऱ्यांचा शुभ्रपणा यांच्यातला फरक आजवर कधी दिसलाच नव्हता, कारण आमच्या प्रतीत दोन्हींचा रंग सारखाच मळकट होता. मिठाईवाल्याच्या मागे मुले आणि कुत्रा निघतात, त्या वरातीचे तळ्यातले प्रतिबिंब आता इतके स्वच्छ दिसते की पाण्यावरची बारीक थरथरही मोजता यावी.

विशेष समाधानाची गोष्ट अशी की, स्वच्छतेच्या हौसेपायी फिल्मचा रवा, म्हणजे चित्रातला तिचा बारीक कणीदारपणा, पुसून टाकलेला नाही. अलीकडे काही जुने चित्रपट डिजिटल सफाईत इतके घासून काढतात की माणसांचे चेहरे मेणाचे वाटू लागतात. इथे रवा जिवंत आहे, आणि मूळ निगेटिव्ह संपून दुसरी प्रत सुरू होते तिथे तो किंचित बदलल्याचे बारकाईने पाहणाऱ्याला जाणवतेही. मला तो बदल दोष वाटत नाही.

आवाजाविषयी वेगळे लिहावे लागेल. ‘पथेर पांचाली’त अपूचे वडील हरिहर परगावाहून येतात, दुर्गा गेल्याचे ठाऊक नसल्याने तिच्यासाठी आणलेली साडी पुढे करतात आणि तिच्या आईचा, सर्वजयेचा, बांध फुटतो, तेव्हा तिचे रडणे ऐकू येत नाही. त्याच्या जागी तारशहनाई हे तंतुवाद्य आक्रंदते. रविशंकर यांनी या चित्रपटाचे संगीत एकाच बैठकीत, सुमारे अकरा तासांत ध्वनिमुद्रित केले होते, आणि हा तुकडा दक्षिणामोहन टागोर यांनी पटदीप रागात वाजवला आहे. जुन्या व्हीसीडीवर तो वरच्या पट्टीत फाटत असे, इतका की आमच्यातल्या एकाने तो वाद्याचा नव्हे तर टेपचा आवाज समजून वर्षे काढली होती. या डिस्कवर आवाज एकाच वाहिनीचा, पण न दाबलेला आहे. त्या रात्री तो पटदीप पूर्ण ऐकू आला आणि खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

माझ्या मते संचातली सर्वश्रेष्ठ डिस्क ‘अपराजितो’ची आहे. हे मत आमच्या गटातही सर्वांना मान्य नाही, पण मी त्यावर ठाम आहे. बनारसच्या घराचा चौक हा प्रत्यक्षात कोलकात्याच्या स्टुडिओत बन्सी चंद्रगुप्त यांनी उभारलेला सेट होता. चौकात उजेड उतरतो तो थेट उन्हाचा नसतो. वरच्या आभाळाच्या तुकड्यातून तो सगळीकडे सारखा पाझरतो आणि त्याला धड सावली नसते. स्टुडिओतल्या दिव्यांनी असा उजेड साधणार नाही, हे जाणून छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी सेटवर पांढरे कापड ताणले, दिव्यांचा झोत त्यावर टाकला आणि तिथून परतणाऱ्या मऊ प्रकाशात चित्रीकरण केले. ही हकिगत मी पूर्वी वाचली होती, परंतु तिचा अर्थ या डिस्कनेच उलगडला. आम्ही मराठवाड्यातली माणसे वाड्यांच्या चौकात वाढलो. ढेलजेतून आत आल्यावर चौकात डोळ्यांना जो शांत उजेड लागतो तो आमच्या ओळखीचा आहे, आणि पडद्यावरचा तो चौक सेट आहे हे ठाऊक असूनही आमच्यातल्या एकालाही तो खोटा वाटला नाही. १९५७ साली व्हेनिसच्या महोत्सवात सुवर्णसिंह मिळवणारा हा चित्रपट प्रदर्शनाच्या वेळी बंगालमध्ये चालला नव्हता. मुलगा शिकायला दूर जातो, आई गावात एकटी झिजत जाते आणि मुलाला परतायला उशीर होतो, ही गोष्ट तेव्हाच्या प्रेक्षकाला कठोर वाटली असावी. शिकण्यासाठी पुण्या-मुंबईला मुले पाठवलेल्या आमच्या गावांना ती आता घरचीच वाटेल.

‘अपूर संसार’ची डिस्क या दोघींच्या तुलनेत थोडी मवाळ आहे. दुय्यम प्रतीवरून काम झाल्याने रात्रीच्या दृश्यांतला काळा रंग तितका खोल उतरत नाही. तरीही सौमित्र चटर्जी आणि शर्मिला टागोर यांच्या पहिल्याच चित्रपटातले ते छोटे घर, खिडकीचा फाटका पडदा, आगगाडीची शिट्टी वाजताच कानांवर हात ठेवणारी अपूची बायको अपर्णा, हे सारे पुरेसे स्पष्ट आहे. मित्राच्या वाड्यापासून स्टेशन फार लांब नाही. चित्रपटातल्या शिट्टीनंतर काही वेळाने बाहेरची खरी गाडी वाजली तेव्हा क्षणभर दोन्ही एकाच रुळावर असल्यासारखे वाटले.

आता उणिवांकडे वळतो. संचावर केवळ इंग्रजी उपशीर्षके आहेत. पहिल्या दोन रात्री मित्राच्या मातोश्री आमच्याबरोबर बसल्या होत्या आणि त्यांना इंग्रजी येत नसल्याने आम्ही आळीपाळीने मराठीत सांगत होतो. थोड्या वेळाने त्यांनीच आम्हाला गप्प केले. ‘संसार’, ‘पथ’, ‘अपराजित’ हे शब्द त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती, आणि दुर्गा इंदिरला ‘पिशी’ म्हणते ती आत्याच असणार, हे त्यांनी आवाजातल्या लाडावरून ओळखले. इंग्रजीत आत्या, मावशी, काकू, मामी या सगळ्यांना एकच शब्द असल्याने उपशीर्षकांवर अवलंबून राहणाऱ्याला हे नाते निसटते. तिसऱ्या चित्रपटाच्या इंग्रजी नावात तर ‘संसार’च्या जागी ‘जग’ आले आहे. अपूच्या दोन खणांच्या बिऱ्हाडाला मराठी माणूस संसारच म्हणेल, आणि बंगाली शब्दही तोच आहे. हा चित्रपट मूळ नावानेच संबोधावा असा माझा आग्रह आहे. दर्जेदार भारतीय चित्रपटांच्या संचावर निदान हिंदी उपशीर्षके असायला हवी होती; ती नसणे मला खटकते.

पुरवणी साहित्य भरपूर आहे. त्यातला पुनरुज्जीवनाच्या कामावरचा छोटा माहितीपट चित्रपटांच्या आधी पाहू नये, नंतर पाहावा. बोलोन्यातल्या टेबलावर पडलेला फिल्मचा जळका गुंडाळा पाहिल्यावर आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचे डोळे पाणावले. सौमित्र चटर्जी, शर्मिला टागोर आणि छायाचित्रकार सौमेंदू राय यांच्या मुलाखती मन लावून पाहण्याजोग्या आहेत. बाकीचे सवडीने पाहिले तरी चालेल.

राहिली ती अट. ब्लू-रे डिस्क जगाच्या तीन विभागांत वाटलेल्या असतात. अमेरिका ‘ए’ विभागात येते आणि भारत ‘सी’ विभागात. हा संच ‘ए’ विभागापुरता बंदिस्त आहे, त्यामुळे आपल्याकडे विकत मिळणाऱ्या साध्या प्लेअरवर तो लागत नाही. आम्ही हा धडा किंमत मोजून शिकलो. ‘यावर सगळे चालते’ अशी दुकानदाराने खात्री दिलेला प्लेअर घरी आणला, डिस्क घातली आणि पडद्यावर नकाराची एक ओळ उमटली. प्लेअर परत घेण्यास दुकानदाराने नकार दिला. शेवटी सर्व विभागांच्या डिस्क वाजवणारा प्लेअर शोधावा लागला आणि तोवर संच दोन महिने कपाटात पडून राहिला. म्हणून आधी प्लेअरची नीट चौकशी करावी, तो आपल्या डोळ्यांदेखत ‘ए’ विभागाची डिस्क वाजवून पाहावा, आणि मगच संच मागवावा. संचाची छापील किंमत १०० डॉलरच्या आसपास होती, आणि टपालाने मागवल्यास सीमाशुल्क वेगळे. एकट्याने हा भार उचलण्यापेक्षा चार जणांनी मिळून घेणे शहाणपणाचे आहे.

टीव्हीविषयीही दोन गोष्टी सांगणे आवश्यक वाटते. हे चित्रपट जुन्या, जवळपास चौकोनी चौकटीत घेतलेले आहेत, त्यामुळे आजच्या रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहणारच. पैसे देऊन घेतलेला टीव्ही पूर्ण भरला पाहिजे म्हणून चित्र ताणण्याची सवय अनेक घरांत आहे. तसे केल्यास दुर्गा बुटकी आणि रुंद दिसेल आणि राय यांनी जुळवलेली प्रत्येक चौकट मोडेल. त्याचप्रमाणे हालचाल गुळगुळीत करणारी टीव्हीची सोय बंद ठेवावी. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसल्याने प्लेअर आणि टीव्ही दोन्ही इन्व्हर्टरवर जोडलेले बरे. ‘अपराजितो’त सर्वजया झाडाला टेकून काजव्यांकडे पाहत बसली असताना आमच्याकडे वीज गेली आणि डिस्क पुन्हा पहिल्यापासून लावून तिथवर यावे लागले.

दिवाळीच्या सुट्टीत बाहेरगावची मुले घरी येतील तेव्हा हा संच पुन्हा लावायचा ठरले आहे, आणि मित्राच्या मातोश्रींनी त्यासाठी पहिली रात्र ‘अपराजितो’ची मागून घेतली आहे.